हरणाऱ्या प्रशिक्षकाला नारळ देण्याआधी या चुका टाळा

संघ सलग हरू लागला की पहिला बळी प्रशिक्षकाचा जातो. कधीकधी तेच योग्यही असतं. पण भारतीय पुरुष फुटबॉल संघाचं काय झालं ते नीट पाहा.

११ जून २०२४, दोहा. भारताच्या लालियनझुआला छांगतेच्या गोलमुळे आपण कतारविरुद्ध आघाडीवर होतो. मग गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने बरोबरी साधली. पंचांनी गोल दिला, व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची सोय (व्हीएआर) नव्हतीच. सामना २-१ ने गेला आणि आठवड्याच्या आत प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांची हकालपट्टी झाली. १४ ऑक्टोबर २०२५, गोव्यात फातोर्डा. पुन्हा छांगतेचा गोल, पुन्हा आघाडी, पुन्हा २-१ ने हार, या वेळी सिंगापूरकडून. आशियाई चषकाचं दार बंद झालं. मधल्या काळात मानोलो मार्केझ प्रशिक्षक म्हणून येऊन गेले होते आणि आता त्या बाकावर खालिद जमील होते.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. गोल कोण करणार हे सोडून बाकावर कोण बसणार यावर आपण भांडतो. इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) बहुतेक क्लब स्ट्रायकर म्हणून परदेशी खेळाडू उतरवतात, भारतीय पोराला खेळायलाच मिळत नाही. म्हणून तर निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, परत बोलवावं लागलं. संधी तयार होतात पण गोल होत नाहीत, असं असेल तर प्रशिक्षक बदलून काही साधत नाही. संधीच तयार होत नसतील आणि खेळाडूंना आपलं काम काय तेच उमगत नसेल, तर मात्र बदल हवाच.

विजयाच्या भरात करार वाढवू नका. २०२३ मध्ये सॅफ (दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा) आणि इंटरकाँटिनेंटल चषक जिंकल्यावर स्टिमाच यांना २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात तिन्ही सामने हरलो, एकही गोल नाही. पुढे करार मोडताना महासंघाला ४ लाख डॉलर मोजावे लागले. सुटकेची अट आधीच लिहून घ्या.

अर्धवेळ प्रशिक्षकही नको. मार्केझ पहिला हंगाम एफसी गोवा हा क्लब सांभाळत राष्ट्रीय संघ पाहत होते. आठ सामन्यांत विजय एक, तोही मालदीवविरुद्ध.

आणि वेळ न देता निकाल लावू नका. जमील यांची नेमणूक १ ऑगस्ट २०२५ ची, ऑक्टोबरमध्ये निर्णायक सामने, आणि तोवर आयएसएल ठप्प. मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं राबलेल्या, ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणाऱ्या या माणसाला तेवढ्यावरून जोखणं मला अन्यायाचं वाटतं. पूर्ण लीग खेळून आलेले खेळाडू त्यांच्या हाती द्या, सरावशिबिरासाठी क्लबांकडून ते वेळेवर सोडवून आणा, आणि मग हिशेब मागा.