शीर कुठंय?

एम.सीएच.च्या, म्हणजे सर्जरीतल्या पुढच्या पदवीच्या, पहिल्या वर्षी ट्यूमर बोर्डात, म्हणजे गाठींच्या केसेसवरच्या डॉक्टरांच्या बैठकीत, एक सीटी मी मोठ्या थाटात दाखवला. पोटात मागच्या बाजूला, उजव्या किडनीला चिकटलेली मोठी गाठ. ‘अ‍ॅड्रिनलची असावी,’ म्हटलं, म्हणजे किडनीवर बसलेल्या ग्रंथीची. सर म्हणाले, ‘बरं. आयव्हीसी दाखव.’ म्हणजे शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. मी वर-खाली स्क्रोल करत बसलो. यकृतापाशी शीर होती, कमरेपाशी होती, मधे गायब! बाहेरून दबली असती तर चपटी का होईना, दिसली असती. दिसतच नाही, तेव्हा गाठ तिच्याच भिंतीतून उगवल्याचा संशय आधी घ्यायचा. बायोप्सीत लायोमायोसार्कोमा निघाला, म्हणजे शिरेच्या भिंतीतल्या स्नायूचा कॅन्सर.

१८७१ मध्ये पर्ल यांनी आयव्हीसीतल्या या कॅन्सरची पहिली नोंद केली. बायकांत जास्त, बहुधा पन्नाशी-साठीत. इतका दुर्मिळ, की शिकताना एखादी केस मिळाली तरी नशीब. म्हणून मिळेल तिचा सीटी स्वतः वाचा, रिपोर्टवर विसंबू नका.

ऑपरेशनला नव्या पोरांचं लक्ष ग्राफ्टकडे, म्हणजे कापलेल्या शिरेच्या जागी बसवायच्या नळीकडे असतं. त्याआधी कोलॅटरल, म्हणजे बाजूच्या पर्यायी शिरा मोजा. गाठ सावकाश वाढते, तोवर रक्त आडवाटा शोधून ठेवतं. आम्ही शीर कापण्याआधी क्लॅम्प (चिमटा) लावून थांबलो. भूलतज्ज्ञ दर मिनिटाला प्रेशर सांगत होते, बाकी सगळे गप्प. ते टिकलं. अशा वेळी शीर नुसती बांधून टाकली तरी चालू शकतं. नाहीतर पीटीएफई या प्लास्टिकची कडीदार नळी. डावी रीनल व्हेन (किडनीची शीर) बहुधा बांधता येते, कारण गोनॅडल, अ‍ॅड्रिनल, लंबर शिरा तिचं रक्त वाहून नेतात. उजवीला ही सोय नाही, म्हणून त्या बाजूची किडनी पुष्कळदा गाठीबरोबर जाते. गाठ हिपॅटिक व्हेनच्या (यकृताच्या शिरांच्या) वर असेल तर मात्र सगळंच अवघड. यकृताचे आणि हृदयाचे सर्जन आधीपासून सोबत हवेत.

काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सरविना निघाल्या तरी निम्म्याहून अधिक जणांत आजार परततो, बहुतेकदा फुप्फुसात किंवा यकृतात, कधी पाच वर्षं उलटल्यावरही. सुरुवातीला तीन-चार महिन्यांनी सीटी, मग सहा, मग वर्षाने. नातेवाईक ‘सगळं काढलं ना?’ विचारतात, तेव्हा नुसतं ‘हो’ म्हणून सुटू नका. पाय सुजतील, स्टॉकिंग्ज लागतील, हेही तेव्हाच सांगा.

त्या सीटीतल्या बाई दोन वर्षांनी यायच्या बंद झाल्या. फाइलवरचा एकमेव नंबर मुलाचा, तोही बदललेला. सहाव्या वर्षी खोकला घेऊन आल्या, फुप्फुसात तीन गाठी. तेव्हापासून मी कव्हरवर तीन नंबर लिहितो. त्यातला एक शेजारच्या किराणा दुकानाचा.