बझ लाइटइयरच्या राइडमध्ये गुण मिळत नाहीत? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये टुमॉरोलँड या विभागाच्या तोंडाशीच, स्टार टूर्स या राइडच्या समोर, 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या बझ लाइटइयरची 'बझ लाइटइयर ॲस्ट्रो ब्लास्टर्स' ही राइड आहे. २००५ पासून चालू आहे. उंचीची अट नाही, पोटात गोळा आणणारं वळण नाही, म्हणून भारतातून आलेले आजी-आजोबा आणि चार वर्षांचं नातवंड दोघांनाही ती झेपते. खलनायक झर्ग बॅटऱ्या पळवतोय, आपण त्याच्या टोळीवर लेझर मारायचे, एवढीच गोष्ट. पण चार-पाच मिनिटांनी बाहेर पडताना एकाच गाडीतल्या एकाचे तीन लाख आणि दुसऱ्याचे आठ हजार झालेले असतात. आठ हजारवाला हमखास म्हणतो, "माझी बंदूकच खराब होती!"

बंदूक क्वचितच खराब असते. बहुतेक वेळा हा गडी दिसेल त्यावर मारत सुटलेला असतो.

इथे सगळी निशाणं सारख्या मोलाची नाहीत. झर्गचं 'झेड' अक्षर असलेल्या प्रत्येक निशाणाचा आकार बघा. गोलाला १००, चौकोनाला १,०००, शंकरपाळ्याच्या आकाराला ५,००० आणि त्रिकोणाला १०,००० गुण. म्हणजे एक त्रिकोण बरोबर शंभर गोल. मोठे, जवळचे, सोपे गोल टिपून खूश होणाऱ्याचे गुण शेवटपर्यंत हजारांतच घोटाळतात. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही: एकदा लागलेलं निशाण संपत नाही. त्याच त्रिकोणावर पुन्हा मारा, पुन्हा गुण. त्यामुळे प्रत्येक दालनात शिरल्या शिरल्या एक त्रिकोण हेरायचा आणि गाडी पुढे सरकेपर्यंत तिथेच ठाण मांडायचं. मोठ्या आकड्यापर्यंत पोचणारे लोक वेगाने मारतात म्हणून पोचत नाहीत, हलत नाहीत म्हणून पोचतात.

नेम धरण्याची आपली सवयही इथे आड येते. जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर एक डोळा मिटून, नळीवरून बघून चाप ओढायचा, हे हातात बसलेलं असतं. इथे नळीवरून बघू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवा, बंदूक छातीशी धरा आणि समोर पडणाऱ्या लाल ठिपक्याकडे बघा. ठिपका निशाणाच्या थोडा वर पडत असेल तर मनगट थोडं खाली, बस्स.

आता अडचण अशी की समोर एक ठिपका नसतो, आजूबाजूच्या गाड्यांचे मिळून डझनभर नाचत असतात. आपला कोणता? चाप दाबून नळी लहानशी गोल फिरवा, जो ठिपका गोल फिरेल तो आपला. ही चाचणी पहिल्याच दालनात उरकून घ्या. झर्ग समोर आल्यावर ठिपका शोधत बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा.

गाडीतला दुसऱ्याचा गुणफलक वाचून हताश होणं हाही नेहमीचाच प्रकार आहे. एका गाडीत दोन बंदुका आणि दोन आकडे असतात. आपण डावीकडे बसलो तर आपला आकडा डावीकडचा. तो हलत नाही असं वाटलं की आधी एवढं तपासा. मगच बंदुकीला दोष द्या. शंका राहिलीच तर जवळच्या मोठ्या निशाणावर सरळ मारा. नेम नक्की बसूनही आकडा जागचा हलला नाही तर बंदूक खरंच गेलेली आहे. मग शेजाऱ्याशी आळीपाळीने दुसरी वापरा आणि उतरताना तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. मध्येच उठून उभं राहून हातवारे करू नका.

बंदुका दोनच, त्यामुळे तिघांनी एका गाडीत दाटीवाटीने बसलात तर एक जण नुसता प्रेक्षक होतो. दोन आणि एक असं वाटून घ्या. फक्त सात वर्षांखालच्या मुलासोबत चौदा किंवा त्याहून मोठ्या वयाचं कुणीतरी हवं, हा उद्यानाचा नियम आहे.

आणि तो दांडा! मधला दांडा फिरवला की गाडी गोल वळते. मुलाच्या हाती तो लागला की गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि बाबांचा त्रिकोण निसटून जातो. मग "अरे सोड ना, सोड!" सुरू. माझं स्पष्ट मत: मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर दांडा त्यालाच द्या आणि गुणांचा नाद सोडा. त्याला बझपेक्षा तो दांडाच जास्त आवडणार आहे. दोघंही मोठे असतील तर मात्र आधीच ठरवा की दांडा एकानेच धरायचा, आणि दालन बदललं की एकदाच वळवायचा.

मध्येच सगळ्या गाड्या थांबल्या तर घाबरू नका. त्या एकाच साखळीत न थांबता चालत असतात; कुणाला चढायला-उतरायला जास्त वेळ लागला की सगळी रांग थबकते. अशा वेळी लोक बंदूक खाली ठेवून गप्पा मारू लागतात, आणि इथेच मोठी संधी जाते. निशाणं बहुधा चालूच असतात. समोर त्रिकोण असेल तर मारत राहा.

इंटरनेटवरच्या 'गुप्त निशाणां'च्या याद्या पाठ करून येणाऱ्यांनी एक बघावं, की यादी कुठल्या उद्यानाची आहे. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधली १९९८ची बझची राइड वेगळी. तिथल्या बंदुका वर्षानुवर्षं गाडीलाच जोडलेल्या होत्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती नव्या बंदुका आणि नवी निशाणं बसवण्यासाठी बंद झाली. तिथल्या जुन्या याद्या कॅलिफोर्नियात तर उपयोगी नाहीतच, आता तिथेही नाहीत.

त्याच दिवशी शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या डिस्नेच्याच उद्यानात 'टॉय स्टोरी मिडवे मेनिया' करणार असाल तर हे सगळं ठाण मांडणं तिथे नेऊ नका. तिथे पडद्यावरची निशाणं येतात आणि जातात, गोळ्यांना मर्यादा नाही, आणि तोफेची दोरी जितक्या झटपट ओढाल तितकं बरं. दोरी पूर्ण ताणायची गरज नसते, छोटे छोटे हिसके पुरतात. आजोबांना हे आधीच सांगा, नाहीतर संध्याकाळी खांद्याला बाम चोळत बसावं लागेल.