फळवाढीच्या काळात कॅल्शियम क्लोराईडचा वापर: मात्रा, फवारणी आणि हाताळणी

टोमॅटो, ढोबळी मिरची, कलिंगड यांसारख्या पिकांत फळे धरू लागली आणि त्याच सुमारास ऊन वाढले किंवा पावसाने ओढ दिली, की फळाच्या देठाविरुद्धच्या टोकाला पाणचट डाग दिसू लागतो. काही दिवसांत तो काळपट होतो, आत बसतो आणि चिवट बनतो. हा मुळात बुरशीचा रोग नसून त्या भागातील पेशींना कॅल्शियम अपुरे पडल्याची खूण आहे. बुरशी शिरते ती नंतर, मेलेल्या भागावर. सफरचंदाच्या सालीखालचे तपकिरी कडवट ठिपके आणि कोबी किंवा लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या करपलेल्या कडा ही याच कमतरतेची रूपे आहेत. यावर कॅल्शियम क्लोराईडची फवारणी उपयोगी पडते, परंतु ती कोणत्या मर्यादेत पडते हे आधी समजून घ्यावे.

कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर मुळांकडून वर चढते आणि जेथून बाष्पोत्सर्जन अधिक, तेथे अधिक पोहोचते. पाने भरपूर पाणी बाहेर टाकतात, फळे फारच थोडे. त्यामुळे जमिनीत कॅल्शियम मुबलक असूनही फळ उपाशी राहू शकते. शिवाय पानात एकदा स्थिरावलेले कॅल्शियम तेथून फळाकडे जवळजवळ वळतच नाही. म्हणून पाने भिजवून समाधान मानणारी फवारणी फळाच्या कामाची नाही. द्रावण फळाच्या पृष्ठभागावरच बसले पाहिजे. दुसरे असे की, पाणी कधी तुडुंब आणि कधी मुळीच नाही अशी स्थिती असेल, अमोनियमयुक्त नत्र किंवा पालाश गरजेपेक्षा अधिक दिले असेल, अथवा आंतरमशागतीत मुळे तुटली असतील, तर केवळ फवारणीने डाग थांबणार नाहीत. आमच्या मते पहिला खर्च आच्छादनावर आणि नियमित, मोजक्या पाण्यावर व्हावा, आणि फवारणी त्याला जोड म्हणून यावी. डाग पडलेले फळ सुधारत नाही. ते काढून टाकावे.

खरेदी करताना सर्वाधिक गोंधळ ‘शुद्धता’ या आकड्याने होतो. कॅल्शियम क्लोराईड निर्जल स्वरूपात मिळते, तसेच दर रेणूमागे पाण्याचे दोन रेणू धरून ठेवणाऱ्या डायहायड्रेट स्वरूपातही मिळते. पूर्ण शुद्ध निर्जल पदार्थात कॅल्शियम सुमारे ३६ टक्के असते, तर डायहायड्रेटमध्ये सुमारे २७ टक्के. पिशवीवर ‘९९ टक्के शुद्ध डायहायड्रेट’ असे लिहिले असेल, तर त्यातील प्रत्यक्ष कॅल्शियम क्लोराईड ७५ टक्क्यांच्या आसपासच भरते, कारण उरलेला भाग स्फटिकातील पाण्याचा असतो. उलट ‘७७ टक्के’ असे छापलेल्या पापुद्र्यांच्या रूपातील मालात हा आकडा थेट कॅल्शियम क्लोराईडचा असल्याने कॅल्शियम त्याहून किंचित अधिकच निघते. तेव्हा शुद्धतेचा आकडा पाहण्याआधी तो कोणत्या स्वरूपाचा आहे हे पाहावे आणि कॅल्शियमच्या टक्केवारीवरून तुलना करावी. उच्च शुद्धतेचा खरा लाभ वेगळा आहे: न विरघळणारा गाळ राहत नाही, त्यामुळे नोझल तुंबत नाही, आणि जड धातूंसारख्या अशुद्धी खाण्याच्या फळावर जात नाहीत. रस्त्यावरील धूळ बसवण्यासाठी किंवा बर्फ वितळवण्यासाठी विकला जाणारा माल स्वस्त असला तरी फवारणीला घेऊ नये.

मात्रेतही हाच फरक पाळावा लागतो. शंभर लिटर पाण्यात ५०० ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराईड घातल्याने जेवढे कॅल्शियम मिळते, तेवढ्यासाठी डायहायड्रेट सुमारे ६६० ग्रॅम लागते. शिफारस डायहायड्रेटची असताना तितक्याच वजनाचा निर्जल माल वापरला, तर द्रावण जवळपास एक-तृतीयांशाने तीव्र होते आणि पाने करपतात. भाजीपाला पिकांत ०.३ ते ०.५ टक्के ही सर्वसाधारण मर्यादा मानावी, पहिली फवारणी खालच्या मात्रेने मोजक्या झाडांवर करावी आणि दोन-तीन दिवस पानांच्या कडा पाहून मगच शेतभर करावी. फळे लहान असतानाच सुरुवात करून सात ते दहा दिवसांच्या अंतराने फवारणी चालू ठेवल्यास लाभ अधिक होतो.

वेळ सकाळची किंवा सायंकाळची असावी. कडक उन्हात, विशेषतः झाड सुकलेले असताना, फवारू नये. या क्षाराला हवेतील ओलावा ओढून घेण्याची इतकी ओढ असते, की हवेची आर्द्रता सुमारे एक-तृतीयांशाच्या वर असली तरी तो विरघळलेला राहू शकतो. पिशवीत त्रासदायक ठरणारा हाच गुण फळाच्या सालीवर उपकारक ठरतो, कारण द्रावण लवकर कोरडे न पडल्याने शोषणाला वेळ मिळतो. पण द्रावण पानाच्या टोकाशी साचले तर तेथेच पान करपते. म्हणून थेंब ओघळेपर्यंत फवारणी करू नये.

फॉस्फेट किंवा सल्फेट असलेली विद्राव्य खते याच टाकीत कधीही मिसळू नयेत. कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, आणि दोन्ही अन्नद्रव्ये वाया जाऊन ठिबकची छिद्रेही बुजतात. कीडनाशकाबरोबर मिसळायचे असल्यास आधी काचेच्या बरणीत थोडे मिश्रण करून अर्धा तास पाहावे. फुटले, गढूळ झाले किंवा तळाशी बसले तर वेगवेगळी फवारणी करावी.

द्राक्ष, स्ट्रॉबेरी, तंबाखू, ॲव्होकॅडो आणि लिंबूवर्गीय पिके क्लोराईडला संवेदनशील असतात. तेथे कॅल्शियम नायट्रेटचा विचार करावा, मात्र त्यातील नत्राचा हिशेब खताच्या मात्रेत धरावा. जमिनीतून कॅल्शियम देण्यासाठीही हा पदार्थ योग्य नाही: तो आम्लता कमी करत नाही आणि क्षारता वाढवतो. आम्ल जमिनीला चुना आणि चोपण जमिनीला जिप्सम हेच उपाय आहेत.

द्रावण करताना नेहमी पाण्यात क्षार थोडा थोडा टाकून ढवळावे. क्षारावर पाणी ओतू नये. निर्जल पदार्थ विरघळताना भरपूर उष्णता निघते, आणि बादलीत पाणी कमी असेल तर द्रावण हात भाजण्याइतके तापते. ते निवल्यावरच टाकीत ओतावे. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा, कारण भुकटी डोळ्यात किंवा ओल्या त्वचेवर गेल्यास जळजळ होते. डोळ्यात गेल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावे. भांडी प्लास्टिकची असावीत, कारण लोखंड, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आणि ॲल्युमिनियम या द्रावणाने गंजतात. पिशवी उघडल्यावर लगेच हवाबंद करून फळीवर ठेवावी. ओलावा धरून गोळे झालेल्या मालाचे वजन पाण्याने वाढलेले असल्याने त्याच्या वजनावरून काढलेली मात्रा कमी पडते.

काढणीनंतर सफरचंदासारखी फळे एक ते दोन टक्के द्रावणात बुडवल्यास ती घट्ट राहण्यास आणि साठवणीतील कडवट ठिपके कमी होण्यास मदत होते. त्यासाठी मात्र अन्नश्रेणीचाच पदार्थ घ्यावा. व्यालेल्या गाईच्या दुग्धज्वरातही कॅल्शियमचे क्षार दिले जातात, परंतु शेतातील पिशवीतून जनावराला काही पाजू नये. तीव्र द्रावणाने तोंड व अन्ननलिका भाजते, आणि शिरेबाहेर गेलेले इंजेक्शन आसपासचे मांस मारते; हा उपचार पशुवैद्यकाच्याच हातून व्हावा.