रझा शाहच्या इराणातली व्यापारी चढाओढ: लिहिताना या चुका टाळा

दोन महायुद्धांच्या मधला इराण, म्हणजे मुख्यतः १९२५ ते १९४१ गादीवर असलेल्या रझा शाहचा इराण, हा विषय दिसायला सोपा आहे. दक्षिणेला ब्रिटन, उत्तरेला रशिया, मधेच जर्मनी घुसतो आणि १९४१ मध्ये सगळं आटोपतं. चार परिच्छेदांत उत्तर तयार! पदव्युत्तर वर्गातल्या मुलांची टिपणं वाचताना माझी पेन्सिल मात्र दरवर्षी त्याच त्या जागी अडते. त्या जागा इथे मांडतो. स्पर्धा परीक्षेसाठी लिहिणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होईल.

नकाशा न उघडता लिहायला बसणं

सर्वांत मोठी चूक हीच, आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात.

गिलान आणि माझंदरान हे इराणचे कास्पियन समुद्राला लागून असलेले हिरवे प्रांत. तांदूळ, कापूस, रेशीम, शिवाय आसपासच्या भागातून येणारा सुकामेवा, हा सगळा माल तिथल्या व्यापाऱ्यांच्या वखारीत असे. तो विकायचा कुठे? दक्षिणेला एल्बुर्झ पर्वताची रांग आडवी. ती ओलांडून पर्शियन आखातापर्यंत माल न्यायचा म्हणजे खेचरं, उंट आणि कित्येक आठवड्यांचा प्रवास. एवढ्या भाड्यात तांदूळ परवडत नाही. त्याउलट रशियाच्या ताब्यातलं बाकू बंदर समोरच, गलबतात माल टाकला की पोहोचला. त्यामुळे उत्तर इराणचं गिऱ्हाईक एकच, रशिया. मग तिथे झार असो की बोल्शेविक.

१९२१ च्या तहात सोव्हिएत सरकारने झारच्या काळातल्या सवलती, म्हणजे रशियाने इराणात मिळवलेले खास हक्क, सोडून दिल्या. मुलं हे उत्साहाने लिहितात आणि तिथेच थांबतात. पण त्यानंतर व्यापाराची रीतच बदलली होती. सोव्हिएत संघात परदेशी व्यापार ही सरकारची मक्तेदारी. एका बाजूला रश्त आणि तब्रीझचे शेकडो सुटे व्यापारी, दुसऱ्या बाजूला एकच खरेदीदार. भाव कोण ठरवणार हे बाजार समितीत उभं राहिलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. १९२६ च्या सुरुवातीला सोव्हिएतांनी कापूस सोडून बहुतेक इराणी मालाला दार बंद केलं, तेव्हा उत्तरेतल्या पेढ्यांची नाकेबंदी झाली. पुढच्या वर्षी करार झाला, कास्पियनच्या मासेमारीसाठी निम्म्या-निम्म्या भागीची कंपनीही निघाली. दाराची कडी मात्र मॉस्कोच्याच हातात राहिली.

हे समजलं की १९३१ चा परदेशी व्यापाराच्या मक्तेदारीचा कायदा आपोआप उलगडतो. ‘रझा शाहने साम्यवादी अर्थव्यवस्थेची नक्कल केली’ असं एका टिपणात वाचलं होतं. नाही हो! समोर एकच गिऱ्हाईक असेल तर आपणही एकच विक्रेता व्हायचं, हा त्यातला एक हिशेब. दुसरा हिशेब परकीय चलनाचा. इराणचं चलन चांदीचं, चांदीचा भाव जगभर कोसळलेला, त्यात महामंदी. म्हणून आयातदाराने आयातीच्या किमतीइतकी निर्यात झाल्याचा दाखला आणावा, अशी अट घातली गेली. या कायद्याने लहान व्यापारी चेपला गेला आणि सरकारशी सूत जुळलेले थोडे मोठे झाले, हेही लिहा. ते सहसा कुणी लिहीत नाही.

‘ब्रिटन म्हणजे तेल’

तेल होतंच. १९०१ ची सवलत (तेल काढण्याचा हक्क), १९०८ मध्ये मशिद सुलेमानला लागलेलं तेल, अबादानचा शुद्धीकरण कारखाना, १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीत घेतलेला बहुमताचा हिस्सा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तेहरानच्या बाजारातल्या दुकानदाराला ब्रिटन भेटायचा तो नोटेच्या रूपात. इंपीरियल बँक ऑफ पर्शिया ही ब्रिटिश मालकीची बँक १८८९ च्या सवलतीने देशाच्या नोटा छापत होती. आपल्या खिशातली नोट परक्यांच्या बँकेची, हे शल्य तेलाइतकंच बोचरं होतं. १९२८ मध्ये बँक मेल्ली ही राष्ट्रीय बँक उघडली आणि १९३० मध्ये दोन लाख पौंड मोजून नोटा छापण्याचा हक्क परत घेतला गेला. त्याच १९२८ साली परकीयांना इराणी न्यायालयांपासून मिळणारं संरक्षण रद्द झालं आणि जकात ठरवण्याचा हक्कही इराणकडे आला. ही तीन पावलं सोडून थेट तेलावर उडी मारली, तर उत्तर लंगडं पडतं.

विमानांचाही किस्सा आहे. १९२९ मध्ये लंडन–कराची सेवा सुरू झाली ती आखाताच्या इराणी किनाऱ्यावरून. इराणने परवानगी वाढवून दिली नाही, म्हणून १९३२ मध्ये इंपीरियल एअरवेजला समोरच्या अरबी किनाऱ्यावर, शारजाला, उतरावं लागलं. देशांतर्गत उड्डाणं तोवर युंकर्स या जर्मन कंपनीकडे होती.

याच ओघात आणखी एक: ‘ब्रिटन’ आणि ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ हे एकाच खात्यात टाकू नका. इराणच्या जकातीच्या तक्त्यांत दोन्ही वेगळे असत. हिंदुस्थानातून चहा आणि सुती कापड जाई. मुंबईहून आगबोटी बुशहर आणि मोहम्मेरा या इराणी बंदरांना जात, तर क्वेट्ट्याकडून रेल्वे थेट इराणच्या हद्दीत दुझ्दाबपर्यंत पोहोचली होती. या गावाचं नाव पुढे झाहेदान झालं. रझा शाहला तिथले दाढीवाले, पांढऱ्या कपड्यांतले शीख व्यापारी साधुपुरुष वाटले म्हणून त्याने हे नाव दिलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पुरावा म्हणून वापरू नका.

आकडे जुळत नसतील तर

दोन पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत म्हणून मुलं घाबरतात आणि दोन्हींची सरासरी काढतात. कृपा करून हे करू नका. आधी तीन गोष्टी तपासा.

तेल धरलंय की वगळलंय? बहुतेक गोंधळ इथेच आहे. तेल कंपनीची निर्यात इराणच्या साधारण व्यापारात मिसळत नाहीत, कारण त्या पैशातला इराणच्या वाट्याला येणारा भाग फक्त स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा). तेल वगळलं तर १९४० च्या सुमारास जर्मनी पहिला, हिस्सा ४० टक्क्यांच्या वर. तेल धरलं तर चित्रच पालटतं.

साल कुठलं? इराणी सौर वर्ष नवरोजला, म्हणजे मार्चच्या २१ तारखेच्या आसपास सुरू होतं. १३१० म्हणजे १९३१-३२. नुसतं ‘१९३१’ लिहिलंत की तीन महिने निसटले.

चलन कुठलं? दहा क्रानांचा एक तोमान. क्रानची जागा पुढे रियालने घेतली, पण बाजारात तोंडी तोमानच राहिला. एका शून्याचा फरक पडत असेल तर दोष बहुधा इथे असतो.

‘रेल्वे जर्मनांनी बांधली’ किंवा ‘ब्रिटिशांनी बांधून घेतली’

दोन्ही वाक्यं मी वाचली आहेत, एकदा तर एकाच उत्तरात. काम १९२७ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला अमेरिकी आणि जर्मन कंपन्यांचा गट होता, १९३३ पासून कांपसाक्स या डॅनिश कंपनीच्या नेतृत्वाखाली डॅनिश-स्वीडिश गट, त्याखाली अनेक देशांचे उपकंत्राटदार. १९३८ च्या ऑगस्टमध्ये १३९४ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. पैसा परदेशी कर्जाचा नव्हता. चहा आणि साखरेवर बसवलेल्या करातून तो उभा राहिला, म्हणजे गरिबाच्या पेल्यातून.

इथेही नकाशाकडे बघा. मार्ग कास्पियनवरच्या बंदर शाहपासून आखातावरच्या बंदर शाहपूरपर्यंत, उत्तर-दक्षिण. रशियाच्या रुळांना तो तेव्हा जोडलेला नव्हता, हिंदुस्थानच्याही नाही. तब्रीझ, इस्फहान यांसारखी मोठी व्यापारी शहरंही बाजूला राहिली. मजलिसमध्ये, म्हणजे इराणच्या संसदेत, पुढे पंतप्रधान झालेल्या मोसद्देक यांनी या आखणीला विरोध केला होता. रेल्वे पूर्व-पश्चिम हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तो युक्तिवाद व्यापाराच्या दृष्टीने पटतो. पण उत्तरेच्या मालाला रशियाखेरीज दुसरं दार हवं, ही गरजही खोटी नव्हती.

१९३३ चा तेल करार ‘विजय’ म्हणून रंगवणं

१९३० मध्ये इराणला तेलापोटी सुमारे १२.८८ लाख पौंड मिळाले, १९३१ मध्ये सुमारे ३.०७ लाख. संताप समजण्यासारखा आहे. १९३२ च्या नोव्हेंबरमध्ये सवलत रद्द झाली, प्रकरण राष्ट्रसंघात गेलं, एप्रिल १९३३ मध्ये नवा करार झाला. टनामागे चार शिलिंग, दरवर्षी किमान साडेसात लाख पौंडांची हमी, सवलतीचं क्षेत्र एक लाख चौरस मैलांवर आलं. आणि मुदत? १९६१ ला संपणारी सवलत १९९३ पर्यंत लांबली. ही ओळ गाळली की विजय दिसतो. कंपनीशी वर्षानुवर्षं वाटाघाटी करणारा दरबारमंत्री तैमूरताश तोवर पदावरून गेला होता. १९३३ मध्येच तो तुरुंगात मेला.

जर्मनी फक्त नाझी प्रेमापोटी आला, असं मानणं

बलाढ्य शेजाऱ्यांना तोलायला लांबचा तिसरा शोधायचा, ही इराणची जुनी चाल. आधी अमेरिका करून पाहिली. १९२२ ते १९२७ आर्थर मिल्सपॉ देशाची तिजोरी सांभाळत होते, उत्तरेच्या तेलासाठी आधी स्टँडर्ड ऑइल आणि मग सिंक्लेअर या अमेरिकी कंपन्यांशी बोलणी झाली, ती फसली. बँक मेल्लीचा पहिला प्रमुख जर्मन होता, आणि तेव्हा हिटलर सत्तेच्या आसपासही नव्हता.

१९३५ च्या करारानंतर व्यापार वाढला तो हिशेबाच्या सोयीमुळे. इराणकडे पौंड-डॉलर नाहीत, जर्मनीकडेही नाहीत. मग नगद न देता खात्यावर वळतं करायचं: इकडून कापूस, लोकर, सुकामेवा; तिकडून यंत्रं, इंजिनं, गिरण्यांची सामग्री. १९३६ मध्ये जर्मनीचे अर्थमंत्री शाख्त स्वतः तेहरानला आले. १९३८ मध्ये सोव्हिएत करार संपल्यावर पडलेली जागाही जर्मनीने भरली. आर्य वंशाच्या नात्याची भाषणं झाली, पण कापसाचा भाव भाषणावर ठरत नाही.

आणि वाट पुन्हा उत्तरेचीच. १९३९ च्या सप्टेंबरपासून ब्रिटिश आरमाराने समुद्र अडवला, तेव्हा जर्मन माल रशियातून येऊ लागला. म्हणजे जर्मनीचा पहिला क्रमांक मॉस्कोच्या परवानगीवर उभा होता. २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर हल्ला केला, त्या दिवशी ही वाटही मिटली. कारज इथला जर्मन पोलादाचा कारखाना अर्धवटच राहिला.

दोन महिन्यांनी, २५ ऑगस्टला, ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा दोन्ही बाजूंनी इराणात शिरल्या. कारण म्हणून इराणमधल्या जर्मनांकडे बोट दाखवलं गेलं. रशियाला रसद पोहोचवायला आखातापासून कास्पियनपर्यंतची तयार रेल्वे हवी होती, हे कारणही त्याच्या शेजारी लिहा. १६ सप्टेंबरला रझा शाहने गादी सोडली. त्याला घेऊन निघालेलं ब्रिटिश जहाज आधी मुंबईला आलं, पण किनाऱ्यावर पाऊल ठेवू दिलं गेलं नाही. मॉरिशसला जायचंय, हे त्याला तिथे जहाजावरच सांगण्यात आलं.