साथ गोठ्यात शिरायच्या आधी काय करून ठेवायचं

पूर, वादळ आलं की सगळे धावपळ करतात, पण जनावरांची साथ ही पण तेवढीच मोठी आपत्ती आहे, फक्त ती गुपचूप येते. ब्रिटनमध्ये 2001 ला लाळ्या खुरकूत (तोंडाला आणि खुरांना फोड आणणारा विषाणूचा रोग) आला तेव्हा 60 लाखांपेक्षा जास्त जनावरं मारावी लागली. पहिली केस पकडली जाईपर्यंत बाधित मेंढ्या बाजारांमधून फिरून कितीतरी फार्मवर पोचल्या होत्या, म्हणजे रोग जितका हवेतून पळाला नसेल तितका माणसांनीच गाडीत घालून पोचवला.

म्हणून पहिलं काम गेटवर. नवीन जनावर आणलं की थेट दावणीला बांधायचं नाही, किमान 3-4 आठवडे वेगळं ठेवा, त्याची बादली, दोरी, वैरण सगळं वेगळं. लाळ्या खुरकूतची लक्षणं दिसायला साधारण 2 ते 14 दिवस लागतात आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) लक्षणं दिसायच्या आधीच विषाणू बाहेर पडायला लागतो, त्यामुळे "दिसायला तर ठणठणीत आहे" याला काही अर्थ नाही.

मग येणारी जाणारी माणसं. व्यापारी, दूधवाला, कृत्रिम रेतनवाला, आणि हो, डॉक्टरसुद्धा, ही मंडळी दिवसभर दहा गोठे फिरतात. गोठ्यासाठी वेगळे गमबूट ठेवा. पाय बुडवायला जंतुनाशक औषधाचा टब ठेवतात पण शेण लागलेले बूट तसेच बुडवतात, त्याचा उपयोग शून्य, आधी ब्रशने शेण काढा मग बुडवा. लाळ्या खुरकूतसाठी महागडं काही लागत नाही, धुण्याचा सोडा 1 लिटर पाण्याला 40 ग्रॅम चालतो, हा विषाणू आम्ल आणि अल्कली दोन्हीला कच्चा आहे.

लम्पीचं (गाईगुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग) गणित वेगळं. तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे पसरतो, तिथे नुसता टब ठेवून भागणार नाही, शेणाचा ढीग आणि साचलेलं पाणी आधी हलवा. लस टोचताना प्रत्येक जनावराला नवी सुई, यात काटकसर नको.

लसीबद्दल एकच सांगतो, साथ शेजारी आल्यावर धावत जाऊन टोचली तर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे जातात. आणि लस 2 ते 8 अंशात राहायला हवी, लाळ्या खुरकूतची तर गोठली तरी वाया, तेव्हा आणणाऱ्याला बॉक्समध्ये बर्फ आहे का आणि लस थेट बर्फाला चिकटून नाही ना, हे विचारायला लाजू नका.

आता संशय आला तर. लाळ्या खुरकूतमध्ये रवंथ बंद, ताप, दूध एकदम कमी, तोंडातून तार लोंबल्यासारखी लाळ, मचमच आवाज, पाय सारखा झटकणं. खुराच्या बेचक्यात बघा, फोड किंवा फुटलेली जखम दिसेल. लम्पीत अंगभर टणक गोल गाठी येतात. असं दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्यकाला आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा, नमुना तपासल्याशिवाय नाव ठरवू नका. जनावर बाहेर न्यायचं नाही, बाहेरचं आत नाही, चरायला सोडणं बंद. धार आधी निरोगी जनावरांची, आजाऱ्याची सगळ्यात शेवटी, आणि आजाऱ्याला बघणारा माणूस शक्यतो वेगळाच ठेवा.

इथेच लोक घाण करतात. जनावर आजारी दिसलं की "पडेल त्या भावात काढून टाकू" म्हणून बाजार गाठतात. समजतं मला, पैसा अडकलेला असतो, पण तुमचा तोटा तेवढाच राहतो आणि पन्नास गोठ्यांत रोग जातो, जो फिरून परत तुमच्याकडेच येऊ शकतो.

जनावर दगावलं तर नदीत, उघड्यावर टाकू नका, पशुवैद्यकाला विचारून खोल पुरा नाहीतर जाळा. पण अचानक मेलं असेल आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट न गोठणारं रक्त येत असेल तर हातच लावू नका, कापायचं तर अजिबात नाही. काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, ती माणसालाही होते आणि तिचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं टिकतात.

एक काम आजच होण्यासारखं आहे: वहीत प्रत्येक जनावराचा बिल्ला नंबर, कुठून आणलं, लस कधी, आणि कोण आलं गेलं हे लिहा. रोग कुठून आला ते शोधायला आणि नुकसानभरपाई मागायला हीच वही लागते. साथ गेल्यावर गोठा धुऊन, औषध मारून काही आठवडे रिकामा ठेवा, मग आधी एकदोनच जनावरं आणा, ती टिकली की बाकीची.