कर्क्युमिन-कायटोसन-क्ले नॅनोकॉम्पोझिट करताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

यात हळदीतलं कर्क्युमिन (आपलं औषध) कायटोसन (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारं पॉलिमर) आणि क्लेच्या (मातीच्या) सूक्ष्म थरांत अडकवायचं असतं, म्हणजे ते हळूहळू सुटेल. पहिली चूक घाईची. मॉन्टमोरिलोनाइट क्ले कोरडीच कायटोसनमध्ये ओतली की गुठळ्या झाल्याच समजा, पिठल्याचं बेसन आपण आधी पाण्यात कालवतो ना, तसंच इथे, क्ले रात्रभर नुसत्या पाण्यात स्टररवर फुगू द्यायची आणि मग कायटोसन थेंब थेंब सोडायचं. कायटोसन विरघळतं १ टक्का अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये, पण पीएच ६.५ च्या वर गेला की चोथा होऊन खाली बसतं.

पण खरा घोळ एन्कॅप्सुलेशनच्या (टाकलेल्यातलं किती टक्के कर्क्युमिन आत अडकलं त्याच्या) आकड्यात आहे. माझ्या पहिल्याच बॅचला नव्वदीच्या वर आलं आणि मी लॅबभर सांगत फिरलो! झालं काय होतं, की कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे जे आत गेलंच नव्हतं तेही सेंट्रीफ्यूजमध्ये पेलेटसोबत (म्हणजे गाळासोबत) तळाला बसलं, वरचं पाणी स्वच्छ, आणि टाकलेल्यातून वरच्या पाण्यातलं वजा केल्यावर वाटलं की सगळं आतच आहे. म्हणून एक ट्यूब नुसत्या कर्क्युमिनची त्याच स्पीडला फिरवून बघा. तिचंही वरचं पाणी स्वच्छ आलं तर ती पद्धत बाद, आणि पेलेट मायक्रोस्कोपखाली नेलं तर केशरी खडे दिसतातच.

रिलीजचंही (कर्क्युमिन बाहेर किती वेगाने सुटतं ते मोजण्याचंही) तेच. पीएच ७.४ च्या बफरमध्ये ३७ डिग्रीला कर्क्युमिन अर्ध्या तासात ९० टक्क्यांच्या आसपास तुटून जातं, मग ४२५ नॅनोमीटरचं (ज्या प्रकाशात कर्क्युमिन मोजतो ते) रीडिंग वाढणार कुठून? ग्राफ आडवा पडतो आणि आपण खुशाल लिहितो 'सस्टेन्ड रिलीज', म्हणजे औषध हळूहळू सुटतंय. बफरमध्ये ट्वीन ८० (साबणासारखं, कर्क्युमिन विरघळवायला) घाला, बाटलीला फॉइल गुंडाळा, मीडियम इतकं घ्या की सगळं औषध विरघळायला लागेल त्याच्या निदान तिप्पट होईल. डायलिसिस बॅगेत नुसतं औषध भरून एक सेट लावायचाच, नाहीतर वेळ कॉम्पोझिटमुळे लागतोय की बॅगेच्या कातडीमुळे हे कसं कळणार? दर वेळी २ मिली काढलं की २ मिली गरम बफर परत टाका, आणि काढलेल्यातलं औषध हिशोबात धरा (मी एकदा विसरलो, अख्खा आठवडा गेला).

एक्सआरडीत (एक्स-रेने थरांमधलं अंतर बघतात त्यात) क्लेचा ७ डिग्रीजवळचा पीक डावीकडे सरकला तर थर उघडलेत. गायब झाला तर लगेच 'एक्सफोलिएशन' (थर पूर्ण सुटे झाले) लिहू नका, आधी बघा, क्ले टाकलीय तरी किती, चिमूटभर असेल तर पीक तसाही दिसत नाही.