कोकणात नवी ड्युअल-स्पोर्ट घेतलीय? आधी खाऱ्या वाऱ्याचं बघा

नवीन एक्सपल्स नाहीतर हिमालयनसारखी ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी बाईक घेऊन दापोली-गुहागर साईडला फिरणार असाल तर गाडी पुळणीवर घालू नकाच, बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि खारं पाणी स्पोक, चेनला लागलं की गंज धरतोच. नुसत्या किनाऱ्याच्या रस्त्याने गेलात तरी खारा वारा लागतो, म्हणून घरी आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर गन बेअरिंगवर अजिबात मारू नका, ग्रीस निघतं. चेन सुकली की मगच ल्यूब (चेनचं वंगण) मारा, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत, आतल्या बाजूने. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर हवा थोडी कमी केली तर ग्रिप मस्त मिळते, पण ट्यूबवाल्या टायरला फार कमी नको, दगडावर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर होते. डांबरीला लागण्याआधी परत भरा, छोटा पंप सोबत ठेवाच.